उघड्यावरच्या जुन्या गाडीचं हिवाळी कव्हर: कापड एक गुण, बांधणी दोन

गॅरेज नाही, गाडी पन्नास-साठ वर्षांची आणि समोर चार-पाच महिन्यांचा पाऊस, दहिवर नि बर्फ. अशा गाडीसाठी बाजारात चार प्रकारचे आडोसे मिळतात: साधी ताडपत्री, अनेक थरांचं ब्रीदेबल (म्हणजे वाफ बाहेर सोडणारं) कव्हर, पंख्याने फुगवून ठेवायचा पारदर्शक तंबू आणि लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याचं कापडी गॅरेज. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्याचं आहे, बाकीचे तीन तुलनेपुरते.

निकाल आधीच सांगतो. गाडीच्या मापाने शिवलेलं, वाफ बाहेर सोडणारं, आतून मऊ अस्तराचं कव्हर हा बहुतेकांसाठी सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. पण तेच कव्हर सैल बांधलं, किंवा गवतावर उभ्या केलेल्या गाडीवर घातलं, तर गाडी उघडी ठेवलेली परवडली. कव्हर बनवणारे कापडाचे थर मोजून दाखवतात. गाडीचं नुकसान मात्र बहुतेक वेळा थर कमी पडले म्हणून होत नाही, कापड हललं आणि ओल आत अडकली म्हणून होतं.

आधी ओल येते कुठून ते पाहू, कारण कव्हर काय करू शकतं आणि काय नाही हे त्यावरच ठरतं. निरभ्र रात्री टप आणि बॉनेटचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, म्हणून त्यावर दव धरतं. कव्हर घातलं की हे दव कापडाच्या बाहेरच्या अंगावर पडतं, रंगावर नाही. इथे कव्हरला पैकीच्या पैकी गुण. दुसरी ओल जास्त वाईट. दोन-तीन दिवस कडक थंडी असते, इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्स, ब्रेकचे ड्रम हे सगळं जड लोखंड २ अंशांपर्यंत उतरलेलं असतं आणि अचानक दमट, उबदार वारं सुटतं. हवा १० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साडेसहा अंशांच्या आसपास येतो. त्याहून गार असलेल्या प्रत्येक धातूला घाम फुटतो, अगदी कव्हरच्या आतसुद्धा. कुठलंही कव्हर हे थांबवू शकत नाही. ते एवढंच करू शकतं की ही ओल पुढच्या कोरड्या दिवशी बाहेर पडू द्यायची. म्हणून वाफ सोडण्याचा गुण हवाच. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर राहिली की लोखंडाला गंज चढण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि ताडपत्रीखाली ती दिवसेंदिवस त्याच्या वरच असते.

आता कापड. या कव्हरांचं नेहमीचं कापड विणलेलं नसतं. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचे दोन पापुद्रे आणि मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा, अशी रचना असते. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. निदान वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं. खरं-खोटं घरीच पाहता येतं. कव्हर ठेवायची पिशवी बऱ्याचदा त्याच कापडाची असते. एका कपात कढत पाणी घ्या, कपाच्या तोंडावर पिशवीचं कापड ताणून रबर लावा आणि वर कोरडा काचेचा ग्लास पालथा घाला. चार-पाच मिनिटांत ग्लास आतून धुरकट झाला तर कापड वाफ सोडतं. काच स्वच्छच राहिली तर तुमच्या हातात महागडी ताडपत्री आहे. दुसरी चाचणी पाण्याची: कापडाचा खोलगट झोळ करून त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि तासभर टांगून ठेवा. खाली टिश्यू पेपर ओला झाला नाही तर पडदा ठीक आहे. ही चाचणी शिवणीवरही करा. आतल्या कापडाला दोष नसतानाही सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. टपाच्या बरोबर मधोमध लांबलचक शिवण असलेलं कव्हर म्हणून टाळावं. शिवण काठाकडे हवी, आणि तिच्यावर आतून पट्टी चिकटवलेली हवी.

थर तीन की पाच, यावर फार डोकं चालवू नये. त्या आकड्यात आतलं अस्तरही मोजलेलं असतं आणि कधी कधी नुसता रंगाचा लेपसुद्धा. अस्तर महत्त्वाचं आहे, पण त्याचा हात लावून अंदाज घ्यायचा. तळव्याने उलटसुलट घासा, लोकर मऊ आणि दाट लागली पाहिजे. जुन्या गाड्यांवरचा सेल्युलोज किंवा अ‍ॅक्रिलिक लॅकर (जुन्या पद्धतीचा रंग) आजच्या क्लिअरकोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, मऊ असतो आणि त्यावर खरखरीत अस्तराचे गोल गोल ओरखडे आठवड्याभरात दिसू लागतात.

पॉलिप्रॉपिलीनचं वैर ऊन्हाशी आहे. हिवाळ्यातलं ऊन कमी असलं तरी कव्हर वर्षभर गाडीवर राहिलं की ते ठिसूळ होतं. आधी टपावरचा आणि डिकीवरचा भाग जातो. हाताने घासल्यावर भुरका तूस निघायला लागला की पडद्याचं काम संपलं असं समजा. वर्षभर बाहेरच ठेवायचं असेल तर सनब्रेलासारखं, सूत घडवतानाच रंग मिसळलेलं अ‍ॅक्रिलिक कापड कितीतरी जास्त टिकतं. बोटींची कव्हरं त्याचीच करतात. ते वाफ सोडतं, उन्हात विटत नाही. पण ते पाणी परतवतं, पूर्ण अडवत नाही. सततच्या पावसात साचलेल्या जागी ते पाझरतं आणि गाडीसाठी त्याला वेगळं मऊ अस्तर लावून घ्यावं लागतं. शिवाय घडी मोठी होते. फक्त हिवाळ्यापुरतं हवं असेल तर त्याचा अट्टहास नको.

वाफ सोडण्याबद्दल एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. कापडावर पाण्याचं डबकं किंवा बर्फाचा थर असेल तेव्हा त्या भागातून जवळजवळ काहीच बाहेर जात नाही. छिद्रं असून नसल्यासारखी. म्हणून कव्हरवर पाणी साचू न देणं हा वापराचाच भाग आहे. दोन आसनी उघड्या गाड्यांत कॅनव्हासचा टप आणि डिकी यांच्या मध्ये, आणि सगळ्याच गाड्यांत बॉनेट संपून काच सुरू होते तिथे झोळ पडतो. तिथे कव्हरच्या आतून बंद पेशींच्या फोमचा तुकडा ठेवून कापडाला उतार द्यायचा. स्पंज नको, तो पाणी पितो आणि पोटीस बांधल्यासारखा रंगाला चिकटून बसतो.

मापाचा विचार. एस, एम, एल अशा मापांत मिळणारी कव्हरं आजच्या गाड्यांच्या आकारावर बेतलेली असतात. लांबी जुळली तरी जुन्या गाडीचा टप अरुंद, चाकांवरचे फेंडर बाहेर आलेले, बंपर पुढे निघालेला, त्यामुळे कुठे कापड ताणलेलं तर कुठे हातभर ढिलं. ढिल्या कापडात वारा शिरला की ते फडफडतं, आणि कापडाखाली धुळीचा एक कण जरी असला तरी त्याचा पॉलिश पेपर होतो. मऊ अस्तराचा इथे काही उपयोग नाही. खराबी नेहमी उंच कडांवर सुरू होते: फेंडरचा माथा, बॉनेटची मधली रेघ, दाराच्या कडा, मागच्या पंखांची टोकं. मॉडेलप्रमाणे शिवलेलं कव्हर घेणं इथेच वसूल होतं. आरशांसाठी वेगळे खिसे आहेत का, ते तुमच्या आरशाच्या जागीच आहेत का (दारावरचे की फेंडरवरचे), अँटेना काढता येते का, हे मागवण्याआधी कळवावं लागतं. अँटेना काढता येत नसेल तर कव्हरला भोक पाडण्यापेक्षा ती खाली दाबून टोकाला रबरी टोपी घाला.

खालची कड चाकाच्या मध्यापर्यंत यावी. जमिनीला टेकली तर कापड पाणी वर शोषतं, रात्री कड जमिनीला गोठून चिकटते आणि खालून येणारी हवाही बंद होते. झाकलं जास्त म्हणजे जपलं जास्त, असं इथे नाही.

बांधणीवर आता जरा थांबू, कारण बहुतेक कव्हरं इथेच नापास होतात. पुढे-मागे नुसतं इलॅस्टिक पुरत नाही. थंडीत ते कडक होतं आणि वारा कव्हरला खालून उचलतो. पोटाखालून जाणारे किमान दोन पट्टे हवेत, तीन असले तर उत्तम: एक पुढच्या चाकांच्या मागे, एक मागच्या चाकांच्या पुढे, तिसरा मधोमध. पट्ट्यांची बकलं प्लास्टिकची हवीत आणि ती कापडाच्या खिशात झाकलेली हवीत. पत्र्याची आयलेट्स (दोरी ओवायच्या भोकांच्या कड्या) आणि उघडी बकलं वाऱ्याने दाराच्या खालच्या पट्टीवर आपटत राहतात. पट्टा एक्झॉस्टच्या नळीवरून किंवा ब्रेकच्या पाइपवरून ओढायचा नाही. तो गाडीखालून पलीकडे न्यायला लांब काठीच्या टोकाला बांधून सरकवा, बकल फेकू नका. ताण इतकाच की पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. पहिल्या पावसानंतर कापड सैलावतं, तेव्हा पुन्हा ओढून घ्यायचं. ही गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात.

कव्हरवरून दोऱ्या आवळण्याचा उपाय सुचवला जातो. तो शेवटचा पर्याय. दोरी जिथे कडेवर बसते तिथे तिच्या रेषेत रंग घासला जातो. बंपरची टोकं, नंबरप्लेटच्या कडा, वायपरचे हात, बॉनेटवरचं चिन्ह यांवर पाण्याच्या पाइपला घालतात तसली फोमची नळी चिरून बसवावी. कव्हर फाटतं ते बहुधा इथूनच. नळी क्रोमवर बसवा, रंगाला चिकटपट्टी लावू नका.

आणि जमीन. कव्हर वरून कितीही चांगलं असो, खाली ओली माती किंवा गवत असेल तर जमिनीतली वाफ रोज रात्री वर चढते आणि गाडीच्या पोटाला, जिथे रंग सर्वांत पातळ आणि सांधे सर्वांत जास्त, तिथे थंड होते. काँक्रीट किंवा डांबर हवं, किंचित उताराचं. ते नसेल तर खडी पसरून त्यावर किमान २०० मायक्रॉनचं पॉलिथिन अंथरायचं, गाडीच्या सावलीपेक्षा थोडं आत, म्हणजे कव्हरवरून ओघळलेलं पाणी त्यावर साचणार नाही. त्यावर चाकांखाली प्लायवुडचे तुकडे. झाडाखाली जागा असेल तर सोडून द्या. चीक, पक्ष्यांची घाण आणि पानं कव्हरची छिद्रं बुजवतात, आणि फांदी पडलीच तर कापड काय अडवणार.

कव्हर घालण्यापूर्वीची तयारी थोडक्यात, पण न चुकता. गाडी धुवा, विशेषतः चाकांच्या कमानी आणि पोट. रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर साध्या पाण्याने भरपूर. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइडचं मीठ हवेत जेमतेम ३५-४० टक्के आर्द्रता असली तरी पाणी ओढून घेतं, म्हणजे ते कव्हरखाली वाळतच नाही. मग गाडी १५-२० किलोमीटर चालवून सांधे-कोपरे वाळवा, दारांच्या खालची आणि काचेखालच्या जाळीची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, वॅक्स लावा. एक्झॉस्ट पूर्ण गार झाल्यावरच कव्हर. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. कॅनव्हासचा टप वर करूनच ठेवायचा, मिटून नाही. घडीत बुरशी धरते आणि मागची प्लास्टिकची खिडकी थंडीत घडीवर तडकते.

कूलंट पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. निखळ ग्लायकॉल भरलं तर अधिक सुरक्षित असा समज आहे, तो उलटा आहे: निखळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. नुसतं पाणी राहिलं तर गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक तडकवतं. सगळं काढून टाकायचं ठरवलंत तर रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचे नळ उघडा. ब्लॉकचा नळ गाळाने बंद असतो आणि पाणी संपलंय असं वाटतं, त्यात तार घालून पाहा. शिवाय हीटरमध्ये पाणी उरतंच. म्हणून रिकामं करण्यापेक्षा योग्य मिश्रण भरलेलं बरं. काच धुण्याच्या बाटलीतलं पाणी मात्र विसरू नये.

टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दव धरायला रिकामी जागा राहत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, म्हणून स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. ऑइल साठवणीच्या आधी बदला, वसंतात नव्हे. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगांवर हिवाळाभर बसतं. हँडब्रेक सोडा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा १० पीएसआय जास्त हवा चालेल, पण टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत. गाडी स्टँडवर उचलून ठेवायचीच असेल तर स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा, चासीखाली नाही. सस्पेन्शन महिनोन्‌महिने लोंबकळत राहिलं की रबरी बुश पिळवटून राहतात. उघड्यावर, गोठणाऱ्या नि वितळणाऱ्या जमिनीवर तर स्टँड नकोच.

बॅटरी काढून घरात आणणं सर्वांत सोपं. पूर्ण भरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतलं द्रावण उणे ५० लाही गोठत नाही, पूर्ण उतरलेलीचं उणे ७ ते १० लाच गोठतं आणि डबा फुटतो. चार्जर कव्हरखाली ठेवायचा असेल तर पाणी न शिरणारा हवा. सीटेक कंपनीचा एमएक्सएस ५.० आयपी६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न शिरणारा) आहे आणि १६० अँपिअर-तासांपर्यंतची बॅटरी भरलेली राखतो, पण तो फक्त १२ व्होल्टसाठी. साठच्या दशकातल्या अनेक फोक्सवॅगन बीटल ६ व्होल्टच्या आहेत, तिथे तो चालणार नाही. १९६७ पर्यंतच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथेही चार्जरचा प्लस प्लसलाच लावायचा, बॉडीला काळी वायर लावायची सवय तेवढी सोडायची.

दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करणं हा प्रकार बंद करा. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गार सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये ते तसंच राहतं.

आत ओलावा शोषणारे डबे ठेवण्याबद्दल मत वेगळं आहे. दारांचे रबर घट्ट असतील तर सिलिका जेलचा उपयोग होतो, भट्टीत १२० अंशांवर तापवून ते परत वापरता येतं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाणी जास्त ओढतात, पण त्यांच्यात खारं पाणी जमतं आणि डबा कलंडला तर गाडीचा तळ गंजवायला तेवढं पुरे. कॅनव्हासच्या टपाच्या गाडीत दोन्ही निरर्थक, ती बाहेरची हवा सतत आत घेत असते. उंदरांसाठी एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडाला जाळीचा बोळा कोंबा, तांब्याचा किंवा स्टेनलेसचा. साधी स्टील वूल गंजून डाग पाडते. आणि स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवा, नाहीतर वसंतात कोणीतरी तसाच स्टार्टर मारतो.

बर्फ पडला की मऊ केरसुणीने कडेकडेने लोटायचा, फावड्याने नाही. कव्हर रंगाला गोठून चिकटलं असेल तर ओढू नका, अस्तराची लोकर रंगावर राहते आणि लॅकर असेल तर तोही उचकटतो. तापमान शून्याच्या वर येईपर्यंत थांबा, गरम पाणी टाकू नका. पंधरवड्यातून एकदा, कोरडा वारा असलेल्या दिवशी, कव्हर दोन-तीन तास काढून दारं-डिकी उघडी ठेवली की अर्धी लढाई तिथेच संपते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कव्हरवर फार विसंबू नये.

बाकीच्या तिघांचं थोडक्यात. ताडपत्री गाडीला थेट लागेल अशी कधीच घालू नये. खालची ओल अडकून रंगाला बारीक फोड येतात, आणि पट्ट्यांनी विणलेलं पॉलिथिन रंगाला खरवडतं. सांगाड्यावर, गाडीपासून हातभर वर ताणली तर ती उत्तम छप्पर आहे. फुगवलेला तंबू कापड रंगाला लागूच देत नाही आणि हलती हवा पत्र्याचं तापमान बाहेरच्या हवेच्या जवळ ठेवते, म्हणून घाम कमी धरतो. पण पंखा हवा कोरडी करत नाही, फक्त हलवतो. वीज गेली की तो गाडीवर बसतो, जोराच्या वाऱ्यात बाहेर टिकत नाही, आणि बाहेरचाच म्हणून विकलेला नसेल तर उघड्यावर लावूच नये. कापडी गॅरेज जागा असेल तर कव्हरपेक्षा सरस आहे, अट एवढी की चारही पाय जमिनीत नांगरलेले हवेत आणि दोन्ही टोकांना वरच्या बाजूला झरोके हवेत. झरोके नसले की छताला आतून पाणी धरतं आणि सकाळी टपावर ठिबकतं. तिथेही आत हलकं कव्हर घालावंच लागतं.

गुणच द्यायचे तर मापाने शिवलेल्या ब्रीदेबल कव्हरला दहापैकी आठ. सर्वसाधारण मापाच्याला पाच, तेही तिसरा पट्टा जोडून घेतलात तर. हिवाळा संपल्यावर ते कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने छिद्रं बुजतात. ड्रायरही नको. सावलीत पूर्ण वाळवूनच पिशवीत भरा आणि बाहेर काढाल तेव्हा कप-ग्लासची चाचणी पुन्हा करा, या वेळी पिशवीवर नव्हे, टपावरच्या भागावर.